पोकर स्पर्धेतले ‘पॅसिव्ह’ खेळाडू : गप्प बसण्याची किंमत

तीन पत्तीत भारी पाने येईपर्यंत प्रत्येक डावाला पॅक होणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. ऑनलाइन पोकर स्पर्धांतही तो भेटतो. त्याच्याबरोबर आणखी एक जण भेटतो, जो सहसा पाने टाकत नाही, समोरच्याने लावलेली रक्कम भरून ‘कॉल’ करत राहतो, पण स्वतःहून ती कधी वाढवत नाही. पोकरच्या भाषेत दोघेही ‘पॅसिव्ह’. पहिल्याला ‘रॉक’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘कॉलिंग स्टेशन’.

पॉट कोण नेतो?

टेक्सास होल्डेम या सर्वांत लोकप्रिय प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडली जातात. मध्ये जमलेल्या चिप्स म्हणजे पॉट. तो जिंकण्याचे मार्ग दोनच. शेवटी सर्वांत भारी पाने दाखवायची, किंवा त्याआधीच बाकीच्यांना पाने टाकायला लावायची. नुसता कॉल करणाऱ्यासाठी दुसरा मार्ग बंद असतो. समजा, पॉटमध्ये ६०० चिप्स आहेत आणि शेवटचे पान उघडल्यावर तुम्ही ३०० लावल्या. समोरचा तीनपैकी एकदा जरी पाने टाकत असेल, तरी तुमच्या हातात काही नसताना सरासरीत तोटा होत नाही.

याचे गाजलेले उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे. ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आलेला अकाउंटंट क्रिस मनीमेकर शेवटच्या लढतीत सॅमी फर्हासमोर होता. एका डावात जोडीसुद्धा नसताना त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि नव्वांची जोडी हातात असलेल्या फर्हाने पाने टाकली. फर्हा काही भित्रा खेळाडू नव्हता, तरीही. पुढे मनीमेकरने २५ लाख डॉलरचे बक्षीस जिंकले.

वाट पाहण्याचे भाडे

स्पर्धेत खरी अडचण ब्लाइंडची असते. पाने पाहण्याआधीच दर डावाला दोघांना पाळीपाळीने सक्तीची रक्कम भरावी लागते, आणि ठरावीक वेळाने ती वाढते. ऑनलाइन टर्बो स्पर्धांत तर साधारण दर ५ मिनिटांनी. पुढच्या टप्प्यांत प्रत्येकाकडून ‘अँटी’ही घेतात. हा तीन पत्तीतल्या बुटाचाच प्रकार.

नऊ जणांच्या टेबलावर १०,००० चिप्स आणि ५०-१०० चे ब्लाइंड असताना एक फेरी १५० ला पडते. ब्लाइंड ५००-१,००० आणि अँटी १०० झाली की तीच फेरी २,४०० ची होते. तेवढ्याच चिप्स राहिल्या तरी आता जेमतेम चार फेऱ्या उरल्या, म्हणजे सुमारे ३६ डाव. १९९५ चे विश्वविजेते डॅन हॅरिंग्टन यांनी हा भागाकार ‘एम’ या नावाने लोकप्रिय केला. हे अक्षर पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावातले.

एक्के, राजे किंवा राण्या यांपैकी एखादी जोडी सरासरी ७४ डावांत एकदा हाती येते. ३६ डावांत ती एकदा तरी मिळण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. आणि मिळालीच, तर तासभर गप्प बसलेल्या माणसाने अचानक रक्कम वाढवलेली पाहून बाकीचे निमूटपणे बाजूला होतात.

ते ओळखू कसे येतात?

ऑनलाइन खेळात चेहरा दिसत नाही, आकडे दिसतात. जिथे परवानगी असते तिथे आकडेवारीचे सॉफ्टवेअर दोन टक्केवाऱ्या दाखवते : खेळाडू किती डावांत स्वतःहून चिप्स घालतो (व्हीपीआयपी) आणि किती डावांत सामाईक पाने उघडण्याआधी रक्कम वाढवतो (पीएफआर). पहिला आकडा ४५ आणि दुसरा ४ असेल, तर समोर कॉलिंग स्टेशन बसले आहे. त्याच्यासमोर ब्लफ वाया जातो. चांगली पाने असतील तेव्हा मात्र मोठी रक्कम लावावी, तो भरतो. रॉकचे ब्लाइंड उचलत राहावेत. दोघांपैकी कोणी अचानक रक्कम वाढवली, तर बहुतेक वेळा ती खरी समजावी.

गप्प बसणेच बरोबर असते तेव्हा

बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे ‘बबल’वर, बाद होण्याचे नुकसान चिप्स जिंकण्याच्या फायद्यापेक्षा मोठे असू शकते. सॅटेलाइट स्पर्धेत तर सर्व विजेत्यांना सारखेच तिकीट मिळते. तिथे जागा जवळपास पक्की झालेली असताना एक्क्यांची जोडीही टाकून देणे योग्य ठरू शकते. नवख्यांना हे पटायला वेळ लागतो.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. फुकटच्या चिप्सचे टेबल हा त्यातून उरणारा मार्ग. मात्र तिथे चिप्स हरल्याचे कोणालाच काही वाटत नाही, त्यामुळे जो तो कॉल करत सुटतो, आणि कॉलिंग स्टेशनची सवय बहुतेकांना पहिल्यांदा तिथेच लागते.