तलाव, विहीर आणि कासवाचे पिल्लू

भंडारा जिल्ह्यात माणसाने कासव ठेवायची जुनी जागा म्हणजे विहीर. नवी विहीर बांधून झाली, झरा लागला, पूजा झाली, की तलावातून आणलेले एखादे लहान कासव तिच्यात सोडायचे, ही रीत महाराष्ट्रात ठिकठिकाणी होती, तशी वैनगंगेच्या खोऱ्यातही होती. त्यामागे श्रद्धा होती आणि व्यवहारही होता. देवळात गाभाऱ्यासमोरच्या फरशीत कोरलेले कासव रोज पायांखाली नव्हे तर हाताखाली येते, त्याला हात लावून मगच देवाचे दर्शन घेतले जाते. असा जीव आपल्या पाण्यात असावा असे घराला वाटे. शिवाय कासव पाण्यात पडलेले किडे, बेडकांची पिल्ले, कुजलेले मांस, शेवाळ खाते, त्यामुळे पाणी निवळ राहते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांगितला जाई. ही रीत समजून घ्यायची तर आधी कासव जिथून आणले जाई त्या तलावांकडे पाहावे लागते, कारण कासवाला सांभाळणारे खरे आवार तेच होते.

या खोऱ्यात प्राण्यांना अभय देण्याचा लेखी पुरावा फार जुना आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील देवटेक येथे सापडलेल्या शिळेवर दोन लेख आहेत. त्यांतला जुना, मौर्यकाळाच्या सुमाराचा ब्राह्मी लेख चिकंबुरी या गावाला उद्देशून आहे आणि त्यात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे. नंतरचा लेख वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा आहे. वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा अभ्यास केला. देवटेकच्या लेखात कोणत्या प्राण्याचे नाव नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मात्र राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादीच दिली आहे आणि तीत कासव आहे. वैनगंगेकाठच्या माणसाने त्या काळी कासव मारणे थांबवले होते, असे यावरून म्हणता येणार नाही. पण मनाईचा हुकूम या भागापर्यंत पोहोचला होता, एवढे निश्चित.

तलावांचा काळ पुष्कळ अलीकडचा आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने धान आणि उसासाठी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तलाव बांधले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाने कोहळ्यांना काशीहून आणले, अशी त्यांच्यातील आख्यायिका रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. नवेगावबांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे सांगतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावबांध तिकडे गेला. साकोली तालुक्यातील शिवनीबांध भंडाऱ्याकडे राहिला. इंग्रजी अमलात गावाची मालगुजारी ज्याच्याकडे, त्याच्याकडे तलावाची देखभालही असे. म्हणून हे तलाव पुढे माजी मालगुजारी, म्हणजेच बोलण्यातले ‘मामा’ तलाव झाले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या काही हजारांत जाते.

कोहळ्यांनी तलाव बांधला तो पाण्यासाठी, कासवासाठी नव्हे. तरी त्याची रचना अशी होती की कासवाला हवे ते सगळे तिच्यात आपोआप आले. तलावाच्या एकाच बाजूला मातीची पाळ असे. बाकीच्या बाजूंना जमीन हळूहळू पाण्यात उतरत जाई. पाळीत पाणी सोडायला तुडूम, जास्तीचे पाणी काढून द्यायला सलंग. वरच्या तलावाच्या सलंगेचे पाणी खालच्या तलावात, त्याचे आणखी खालच्या, अशी साखळी असल्याने पावसाळ्यात कासव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकत असे. उथळ कडेला देवधान, कमळ, शिंगाडा आणि पाण्याखालच्या वनस्पतींची दाटी. त्या दाटीत गोगलगायी, किडे आणि बारके मासे वाढत. ढिवर समाजाचे मासेमार या वनस्पती नावानिशी ओळखत आणि कोणता मासा कुठल्या दाटीत अंडी घालतो हे त्यांना ठाऊक असे.

या पाण्यात मुख्यतः दोन कासवे राहतात. पहिले मऊ पाठीचे, ज्याच्या पोटाकडील कवचाला मागे झडपा असतात. पाय आत ओढले की झडपा मिटतात. उन्हाळ्यात तलाव आटू लागला की ते गाळात शिरून निजते आणि पावसाबरोबर बाहेर येते. दुसरे टणक पाठीचे काळपट तळ्यातले कासव. ते बहुतांशी रात्री चरते आणि दिवसा काठावरच्या दगडावर ऊन खाते. नदीच्या मोठ्या डोहांत याहून वेगळी, आकाराने मोठी मऊ पाठीची कासवे असतात. या सर्वांना एक गोष्ट समान लागते: अंडी घालायला कोरडी, मोकळी माती. झडपांच्या कासवाची मादी पावसाळ्यात आणि त्यानंतर काठाला चढते, मागच्या पायांनी बिळासारखा खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती लोटते आणि पोटाच्या कवचाने ती दाबून बसवते. पिल्ले बहुधा पुढच्या पावसाच्या तोंडाशी निघतात. नुकते निघालेले पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचे असते. पाण्यापर्यंतचे काही हात अंतर हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा प्रवास. वरून कावळा आणि घार, जमिनीवर मुंगूस, घोरपड, कोल्हा आणि गावचे कुत्रे, पाण्यात शिरल्यावर बगळा आणि मरळ मासा. यातून वाचायला त्याला फक्त दाट गवत आणि चिखल एवढेच मिळते, आणि जुन्या तलावाची उतरती कड दोन्ही पुरवत असे.

विहिरीत यातले जवळजवळ काहीच नाही. भंडाऱ्याची जुनी विहीर दगडाने बांधलेली, उभ्या कडांची. तिच्यात कासव शत्रूंपासून सुरक्षित असते, पाण्याला तोटा नसतो, थोडेफार खाणेही पडत राहते. म्हणून विहिरीतले कासव वर्षानुवर्षे दिसत राही आणि आजोबांच्या वेळचे कासव म्हणून नातवंडांना दाखवले जाई. पण तिथे अंडी घालायला माती नाही. ऊन तळापर्यंत दिवसातून थोडाच वेळ पोहोचते. बसायला कपार असली तर ठीक, नसली तर श्वास घ्यायला सतत वर यावे लागते. मादी असली तरी तिचा वंश तिथेच थांबतो. या रीतीने कासवाला आदर दिला आणि बराच काळ जगवलेही. वंश मात्र वाढवला नाही. विहिरीसाठी कासव दर वेळी तलावातूनच आणावे लागे, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

जाळ्यात आलेले कासव खाल्लेही जाई, आणि तलावात कासवे भरपूर असेपर्यंत त्याने फारसे बिघडले नाही. बिघडले ते तलावाची व्यवस्था मोडल्यावर. मालगुजारांचे मालकी हक्क रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला, १९५१ मध्ये तलाव सरकारकडे गेले आणि पाळ, तुडूम, सलंग यांची दरवर्षीची डागडुजी कोणाची, हे कुणालाच नीट ठरवता आले नाही. उथळ कडा बेशरमाच्या झाडांनी भरल्या. नायलॉनची जाळी आली. त्यांत अडकलेले कासव वर येऊन श्वास घेऊ शकत नाही आणि बुडून मरते. पुढे यंत्राने गाळ काढण्याच्या योजना आल्या. गाळ काढायचा हंगाम उन्हाळ्याचा, आणि झडपांचे कासव गाळात निजण्याचा हंगामही तोच. फावड्या-टोपल्यांनी काम होत असे तेव्हा गाळातले कासव माणसाच्या डोळ्यांना दिसे आणि बाजूला ठेवता येई. यंत्राच्या खोऱ्यात ते दिसत नाही. तलावातला गाळ काढणे आवश्यकच आहे, परंतु ते तुकड्या-तुकड्यांनी आणि काठाची एक बाजू तशीच ठेवून करता येते.

गावच्या विहिरीतले कासवही याच काळात कमी झाले. पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर पडू लागली, नळ आले, वापर नसलेल्या विहिरी बुजल्या. कासव ठेवायची जागा घराच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदाकडे आणि काचेच्या पेटीकडे सरकली. पिल्लाला ही जागा विहिरीहूनही वाईट ठरते. हौदाच्या सरळ, गुळगुळीत भिंतीवरून त्याला बाहेर येता येत नाही. उघड्या हौदावर कावळा आणि मांजर सहज पोहोचतात. मे महिन्यात उथळ पाणी तापते. आणि सावलीत ठेवलेल्या पिल्लाला ऊन व चुना न मिळाल्याने कवच मऊ पडून वाकते. बाजारातून आणले जाणारे चांदणी कासव तर पूर्णपणे जमिनीवरचे. त्याचा मूळ मुलूख गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेकडील कोरडी माळराने. कासव म्हणजे पाण्यातले, या समजुतीने ते हौदात सोडले तर बुडून मरते.

कायदा या प्राण्यांकडे उशिरा वळला. १९१२ चा इंग्रजी काळातील वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा मुख्यतः शिकारीच्या पशुपक्ष्यांचा होता. कासवाला त्यात स्थान नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते मिळाले. झडपांचे कासव पुढे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आले. चांदणी कासव आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत २०१९ मध्ये गेले आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, देशातही पहिल्या अनुसूचीत आले. अशा कासवाला घरी, हौदात किंवा विहिरीत ठेवणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षांच्या कैदेची.

कायद्याला सर्वांत कठीण गेली ती वीस नखांच्या कासवाची अंधश्रद्धा. अशा कासवाने पैशांचा पाऊस पडतो, असे सांगून विदर्भात लोकांना फसवले गेले आहे. तलावातल्या मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीन नखे असतात, म्हणजे एकूण बारा. टणक पाठीच्या तळ्यातल्या कासवाला आणि चांदणी कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखे भरणारे कासव शोधता शोधता शेकड्याने कासवे पकडली जाणार आणि बहुतेक निरुपयोगी म्हणून फेकली जाणार, हे या हिशेबातच आहे.

पावसाळ्यात शेतात किंवा रस्त्यावर पिल्लू सापडले तर आता पाळण्याचा नव्हे, पोहोचवण्याचा मार्ग आहे. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठी चालतो आणि जखमी प्राण्यांसाठी नागपूरला सेमिनरी हिल्स येथे उपचार केंद्र आहे. वन कर्मचारी येईपर्यंत पिल्लाला ज्या खोक्यात ठेवायचे त्याचा नमुना जुन्या तलावाचाच: एका बाजूला जेमतेम पाठ बुडेल एवढे पाणी, दुसऱ्या बाजूला ओलसर माती, दोहोंमध्ये उतार, अर्ध्या भागावर सावली, वर बारीक जाळी आणि वजन. टणक पाठीच्या पिल्लाला चढायला खडबडीत दगड, मऊ पाठीच्याला शिरायला चिखल. दुकानांतून विकली जाणारी लाल कानाची परदेशी कासवे मात्र तलावात सोडायची नाहीत; ती नाण्याएवढी विकत आणली जातात, ताटाएवढी होतात आणि स्थानिक कासवांची ऊन खाण्याची जागा व अन्न बळकावतात. कंटाळा आल्यावर ती वन विभागाकडे किंवा जाणकार संस्थेकडेच द्यावी लागतात.