बिनधुराच्या दारूचा हिरवा वारस

अग्निबाणाच्या इंधनात ‘पर्यावरणपूरक’ ऑक्सिडक वापरावा, हा विचार निसर्गाच्या काळजीतून जन्मला असे सर्रास समजले जाते. माझा दावा असा की त्याचे मूळ धुरात आहे, तेही रणांगणावरच्या. घन इंधनाला लागणारा ऑक्सिजन इंधनातच कालवावा लागतो आणि जगभर ऑक्सिडकाचे हे काम मुख्यतः अमोनियम परक्लोरेट करते. स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये वजनाने सुमारे 70 टक्के तेच होते. ते जळते तेव्हा त्यातला क्लोरिन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. न जळलेले परक्लोरेट पाण्यात सहज विरघळते आणि पोटात गेल्यास थायरॉइड ग्रंथीला आयोडिन घेऊ देत नाही. या दोन तक्रारी खऱ्या आहेत, गंभीरही आहेत. पण क्लोरिन काढून टाकण्याचा खटाटोप त्यांच्यामुळे सुरू झाला, हे काही तारखांशी जुळत नाही.

धुराची तक्रार या धंद्यात फार जुनी. 1942 मध्ये कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्सने डांबरात पोटॅशियम परक्लोरेट कालवले आणि आधुनिक घन इंधनाचा पाया घातला. विमानाला उड्डाणाच्या वेळी रेटा देणाऱ्या त्या बाणांतून पोटॅशियम क्लोराइडचा दाट पांढरा धूर निघे. पुढे पोटॅशियमच्या जागी अमोनियम आले. जास्त रेटा हे एक कारण, कमी धूर हे दुसरे. तरी पिच्छा सुटला नाही, कारण दमट हवेत हायड्रोक्लोरिक आम्ल बाष्प ओढून घेते आणि क्षेपणास्त्राच्या मागे ढगासारखी रेघ उमटते. क्षेपणास्त्र कुठून सुटले हे शत्रूला दाखवायला ती रेघ पुरेशी असते. नाटोच्या एजीएआरडी या सल्लागार मंडळाने 1993 मध्ये इंधनांची धुरानुसार प्रतवारीच ठरवून दिली. आता दुसरी बाजू पाहू. 4 मे 1988 रोजी नेवाडातल्या हेंडरसन इथे पेप्कॉनचा अमोनियम परक्लोरेटचा कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. अमेरिकेत हा माल करणारे कारखाने दोनच, त्यातला हा एक. ऑक्सिडक बदलायचा तर याहून मोठे निमित्त कोणते? पण झाले काय, तर त्याच रसायनाचा नवा कारखाना यूटात उभा राहिला. कोलोरॅडो नदीच्या पाण्यात परक्लोरेट असल्याचा बोभाटा 1997 मध्ये झाला. तोवर त्याचा आजचा सर्वात चर्चेतला पर्याय पंचविशी ओलांडून गेला होता.

तो पर्याय म्हणजे अमोनियम डायनायट्रामाइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एवढेच. क्लोरिन नावालाही नाही. 1971 मध्ये मॉस्कोच्या झेलिन्स्की संस्थेत ते प्रथम तयार झाले आणि गुप्ततेच्या कुलपात गेले. 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या एसआरआय संस्थेत जेफ्री बोटारो आणि सहकाऱ्यांनी ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधले. इथे माझ्या सिद्धान्तावर एक वजनदार आक्षेप येतो. सोव्हिएत संघाने ते टोपोलसारख्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रात वापरल्याचे सांगितले जाते, आणि असले क्षेपणास्त्र सुटल्यावर धूर दिसला काय, न दिसला काय! आक्षेप मान्य. मॉस्कोत ओढ ताकदीचीच असणार: क्लोरिनचे जड रेणू गेले की हलके वायू जास्त वेगाने बाहेर पडतात. म्हणून धुराच्या शेजारी मी ताकदीलाही जागा देतो. निसर्गाला मात्र या पंगतीत अजून पाटही मांडलेला नाही.

खरी गंमत कार्ल्सकूगाला आहे. स्वीडनमधले हे गाव आपल्याला ठाऊक आहे ते बोफोर्समुळे, म्हणजे आधी लाचेच्या प्रकरणाने आणि मग कारगिलच्या तोफांनी. ही बोफोर्स कंपनी 1894 मध्ये आल्फ्रेड नोबेलने विकत घेतली. फ्रान्सच्या पॉल व्हिएयने 1884 मध्ये बिनधुराची दारू बनवल्यावर तीनच वर्षांत स्वतःची बॅलिस्टाइट ही बिनधुराची दारू काढणारा नोबेल तो हाच. तिच्यात नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज असे, आणि दोन्ही बनतात नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणातून. आता डायनायट्रामाइडकडे या. स्वीडनच्या संरक्षण संशोधन संस्थेने सल्फामिक आम्लाच्या क्षारावर कडाक्याच्या थंडीत हेच आम्लमिश्रण वापरून ते बनवण्याची रीत बसवली आणि उत्पादन सुरू झाले कार्ल्सकूगात. मी याला योगायोग मानायला तयार नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मिश्र आम्ल हाताळले गेले, तिथे हे अवघड रसायन कारखान्यात उतरू शकले. या रीतीतला मधला पदार्थ, ग्वानिलयुरिया डायनायट्रामाइड, मोटारींच्या एअरबॅगा फुगवायलाही चालतो. त्यामुळे त्याला अंतराळाबाहेरचे गिऱ्हाईक मिळाले. या कुळाला पोसण्यात मोटारीचा वाटा आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

मग ‘हिरवे’ हे विशेषण चिकटले कधी? या घराण्याचे नाव झाले ते परक्लोरेटशी लढून नव्हे, हायड्राझिनशी लढून. उपग्रहांच्या छोट्या इंजिनांत वापरले जाणारे हायड्राझिन इतके विषारी की ते भरणाऱ्यांना अंगभर बंद पोशाख घालावा लागतो. डायनायट्रामाइड, मिथेनॉल, अमोनिया आणि पाणी यांचे द्रवमिश्रण जून 2010 मध्ये स्वीडनच्या प्रिझ्मा मोहिमेतून प्रथम अंतराळात गेले. ते भरताना त्या पोशाखांची गरज पडली नाही. (प्रिझ्मा वर नेणारा द्नेप्र अग्निबाण मात्र जुन्या क्षेपणास्त्रापासून बनवलेला, विषारी हायड्राझिनवर्गीय इंधनावर उडणारा.) अमेरिकेने 2019 मध्ये ज्या हिरव्या इंधनाची अंतराळात चाचणी घेतली, त्यातला हायड्रॉक्सिलअमोनियम नायट्रेट हा ऑक्सिडकही आधी सैन्यानेच तोफांच्या द्रव दारूसाठी घोटला होता. म्हणजे दोन्ही हिरव्या घराण्यांचे मूळपुरुष दारूगोळ्यातले.

उरतो एक प्रश्न: इतके सगळे असताना आपल्या पीएसएलव्हीचा 138 टनांचा पहिला टप्पा आणि एलव्हीएम-3चे दोनशे टनी बूस्टर अजून परक्लोरेटवरच का? डायनायट्रामाइड हवेतली ओल शोषते, सुमारे 93 अंशांना वितळते आणि महाग पडते, ही कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पुण्याच्या एचईएमआरएलसारख्या संरक्षण प्रयोगशाळांतही त्यावर काम झाले आहे, आणि ते संरक्षणाच्या घरात व्हावे यात मला नवल वाटत नाही. माझ्या मते आणखी एक कारण आहे. श्रीहरिकोट्याहून उपग्रह सुटतो तेव्हा धूर लपवायची कोणालाच गरज नसते. उलट तो पाहायला लोक गर्दी करतात.