द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग

'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग' (अर्थ: अस्तित्वाचा असह्य हलकेपणा) ही चेक-फ्रेंच लेखक मिलान कुंदेरा (१९२९–२०२३) यांची तत्त्वचिंतनात्मक कादंबरी आहे. चेकोस्लोव्हाकियातील १९६८ चे उदारीकरणाचे पर्व, म्हणजेच 'प्राग वसंत', आणि त्यानंतरचे सोव्हिएत आक्रमण ही तिची पार्श्वभूमी आहे.

कथानक

प्रागमधील शल्यविशारद टोमास अनेक स्त्रियांशी संबंध ठेवतो, पण कोणातही गुंतत नाही. लहान गावातील उपाहारगृहात काम करणारी तेरेझा त्याच्या घरी राहू लागते आणि हा नेम मोडतो. मात्र विवाहानंतरही त्याचे अन्य संबंध सुटत नाहीत. आक्रमणानंतर दोघे झुरिचला जातात. तेरेझा एकटीच मायदेशी परतते; पुन्हा बाहेर पडता येणार नाही, हे जाणूनही टोमास तिच्यामागे येतो.

टोमासने पूर्वी एका लेखात इडिपसचा दाखला दिलेला असतो. नकळत घडलेल्या पापासाठीही इडिपसने स्वतःचे डोळे फोडले. मग 'आम्हांला ठाऊक नव्हते' म्हणणारे साम्यवादी निर्दोष कसे, असा त्याचा प्रश्न असतो. हा लेख मागे घेण्यास तो नकार देतो, वैद्यकीय व्यवसाय गमावतो आणि खिडक्या पुसण्याचे काम करतो. पुढे राजबंद्यांच्या सुटकेसाठीच्या अर्जावरही तो सही करत नाही. अखेर हे दांपत्य खेड्यात राहायला जाते.

समांतर कथा चित्रकार सबिना आणि जिनिव्हातील प्राध्यापक फ्रान्झ यांची आहे. फ्रान्झ निष्ठेला सर्वोच्च गुण मानतो, तर सबिनाला चाकोरी मोडणाऱ्या विश्वासघाताचे आकर्षण आहे. तो पत्नीला सोडून येतो, तेव्हा ती त्याला सोडून जाते.

आशयसूत्रे

नीत्शेच्या 'शाश्वत पुनरावर्तना'च्या कल्पनेने कादंबरीचा आरंभ होतो. आयुष्य एकदाच मिळत असेल, तर कोणताही निर्णय दुसऱ्या निर्णयाशी ताडून पाहता येत नाही. मग तो हलका मानावा की जड, हा प्रश्न प्रेम आणि राजकारण या दोन्हींना लागू होतो. टोमास पत्नीशी एकनिष्ठ नाही, पण स्वतःच्या शब्दाशी आहे. अर्जावर सही नाकारताना मात्र तेरेझाची काळजी त्याला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यामुळे निष्ठेची एकच व्याख्या वाचकाच्या हाती लागत नाही.

जीवनातील अप्रिय भाग दृष्टीआड करणाऱ्या भाबड्या गोडव्याला कुंदेरा 'किच' म्हणतात. तो साम्यवादी संचलनांत आहे, तसाच पाश्चात्त्य निषेधमोर्चांतही आहे. टोमास व तेरेझा यांचा अपघाती मृत्यू वाचकाला मध्यावरच कळतो. त्यामुळे शेवटच्या भागातील खेड्यातले शांत दिवस आणि केरेनिन या कुत्रीचे आजारपण अधिक हृद्य होते. तिच्यावरील तेरेझाचे प्रेम काहीच मागत नाही.

प्रकाशन व चित्रपट

कुंदेरा १९७५ मध्ये फ्रान्सला गेले आणि १९७९ मध्ये त्यांचे चेकोस्लोव्हाक नागरिकत्व काढून घेण्यात आले. चेक भाषेत लिहिलेली ही कादंबरी १९८४ मध्ये प्रथम फ्रेंच अनुवादात प्रसिद्ध झाली. मूळ चेक संहिता १९८५ मध्ये टोरांटोच्या निर्वासित चेक प्रकाशनसंस्थेने छापली. मायदेशात ती २००६ मध्ये प्रकाशित झाली. फिलिप कॉफमन यांनी १९८८ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. तो कुंदेरा यांना रुचला नाही आणि त्यानंतर त्यांनी आपल्या साहित्यकृतींच्या रूपांतरास परवानगी दिली नाही.