सत्तावनची एन्फील्ड बंदूक आणि तिचे आजचे उपासक

मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा मला प्रश्न पडला. आपल्या ज्ञातीच्या मूलस्थानाविषयी व कुलदैवतांविषयी अधिकारी व्यक्तींनी मागील अंकांतून पुष्कळ लिहिले आहे. त्यात मी पामराने भर ती काय घालावी? अशा विचारात असता कोकणातील आजोळच्या ओटीवर टांगलेली ठासणीची बंदूक डोळ्यांसमोर आली, आणि तिच्याच घराण्यातील एका जगप्रसिद्ध बंदुकीची हकिकत वाचकांस सादर करावी, असे ठरविले.

आमच्या थोरल्या मामांकडील ती बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्याची होती. रानडुकरे भातात शिरली म्हणजे मामा तिचा बार काढीत. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा होई आणि निकालानंतर पुन्हा आपल्या खुंटीवर येऊन विसावे. मामांच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत तिचा उपयोग कोणी केला नाही. आम्ही भाचे मंडळी मात्र सुट्टीत ती खाली काढून एकमेकांवर नेम धरण्याचा खेळ खेळत असू. मामा वारल्यावर परवान्याच्या कामासाठी ती एका जाणत्या कारागिराकडे नेली. त्याने नळीत गज घातला, तो एक वीतभर बाहेरच राहिला. बंदूक भरलेली होती! दारू व छरे कित्येक वर्षे आत ठासून बसले होते आणि आम्ही मुले तिचा घोडा ओढून खेळत होतो. त्या दिवशी मामींनी देवापुढे निरांजन लावले. जुन्या शस्त्राची नीट ओळख करून घेतली पाहिजे, ही जाणीव माझ्या मनात त्या प्रसंगाने उपजली.

आता मुख्य विषयाकडे वळू. १८५३ साली इंग्लंडच्या सरकारने आपल्या पायदळासाठी एक नवी बंदूक मान्य केली. लंडनजवळील एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यावरून तिला एन्फील्ड हे नाव पडले. ती ठासणीचीच होती. परंतु तिच्या नळीच्या अंतर्भागी तीन पेचदार खाचा होत्या. नळी एकोणचाळीस इंच लांब, छिद्राचा व्यास ०.५७७ इंच, एकूण लांबी पंचावन्न इंच आणि वजन सुमारे साडेनऊ पौंड. गोळी शिशाची, लांबट व तळाशी पोकळ. बार उडाला म्हणजे दारूच्या वायूने तो पोकळ तळ फुगे, शिसे खाचांत घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाई. तत्पूर्वीच्या सपाट नळीच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे बहुधा दैवाधीन असे. एन्फील्डचा कुशल नेमबाज तीनशे यार्डांवरील मनुष्याचा वेध घेऊ शके, आणि मोठ्या जमावावर तर त्याहून पुष्कळ दुरून मारा करता येई.

या बंदुकीच्या निर्मितीतही एक क्रांती घडली. पूर्वी प्रत्येक बंदूक कारागीर हाताने घडवी. एकीचा खिळा दुसरीस बसेलच, असा भरवसा नसे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात अमेरिकन कारखानदारांनी यंत्रावर केलेल्या, सुटे भाग परस्परांस चालणाऱ्या रायफली मांडल्या होत्या. त्या पाहून इंग्रजांनी अमेरिकेतून यंत्रे आणविली व एन्फील्डचा कारखाना नव्याने उभारला.

हीच ती बंदूक, जिच्या काडतुसांनी १८५७ साली हिंदुस्थानात वणवा पेटविला. काडतूस म्हणजे कागदाची एक नळकांडी असे. तिच्या एका अंगास मोजून भरलेली दारू व दुसऱ्या अंगास गोळी. शिपायाने दारूकडील टोक दातांनी फोडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, मग काडतूस उलटे करून वंगण लावलेले गोळीचे अंग नळीच्या तोंडात घालावयाचे, उरलेला कागद तोडून टाकावयाचा, गजाने गोळी खाली ठासावयाची, घोड्याखाली स्फोटक टोपी बसवावयाची आणि चाप ओढावयाचा. वंगण निव्वळ लहरीने लावलेले नव्हते. काळ्या दारूची राख नळीत चिकटून बसते. वंगणाने ती मऊ राहिली नाही, तर काही बारांनंतर पुढची गोळी खाली उतरता उतरत नाही. दोष होता तो वंगणाच्या द्रव्यात. प्राण्यांच्या चरबीचा त्यात उपयोग होई, आणि ती चरबी कोणत्या प्राण्याची, याचा समाधानकारक खुलासा अधिकाऱ्यांस करता आला नाही.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे ही वार्ता फुटली. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा सरकारने त्याच महिन्याच्या अखेरीस दिली; परंतु त्यामुळे मूळ संशय खराच होता, अशी समजूत दृढ झाली. चकाकणाऱ्या कागदाविषयीही शंका निघाल्या. २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे उठला. २४ एप्रिल रोजी मीरतेस तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद जणांची परेड भरली व त्यांतील पंचाऐंशी जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. ती काडतुसे नव्या तऱ्हेची नव्हती, जुन्याच तऱ्हेची होती, आणि ती दातांऐवजी हाताने कशी फोडावी, हे दाखविण्यासाठीच ती परेड होती! पण विश्वास एकदा उडाला म्हणजे खुलासा व्यर्थ ठरतो. ९ मे रोजी त्या शिपायांस सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले.

याच्या पुढील भाग आपणा महाराष्ट्रीयांस अधिक जिव्हाळ्याचा व अधिक दुःखाचा आहे. ज्या बंदुकीस शिपायांनी हात लावण्याचे नाकारले, तीच गोऱ्या पलटणींच्या हाती राहिली. १२ जुलै १८५७ रोजी फत्तेपूर येथे नानासाहेब पेशव्यांच्या फौजेची हॅवलॉकशी गाठ पडली. नानांच्या बाजूकडील बहुतेक बंदुका जुन्या, सपाट नळीच्या होत्या. आपली गोळी जेथे पोहोचत नाही, तेथून शत्रूची गोळी येऊन लागते, असा तो विषम सामना होता. हॅवलॉकने आपल्या विजयाची जी कारणे सांगितली, त्यांत एन्फील्ड बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. शौर्यात आपण उणे नव्हतो. झाशी व काल्पी येथील रणे त्याची साक्ष देतात. परंतु शौर्याला शास्त्राची जोड नसली म्हणजे काय होते, ते या बंदुकीने शिकविले.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी काय करावे? हिंदी शिपायांसाठी त्यांनी बाहेरून एन्फील्डसारखीच दिसणारी, परंतु आतील खाचा नसलेली, सुमारे ०.६५ इंच व्यासाच्या सपाट नळीची बंदूक काढली. रूप तेच, प्राण मात्र काढून घेतलेला! पुढे १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि ज्या समाजात दसऱ्यास घरोघर शस्त्रपूजा होई, तेथे पुष्कळ घरी पूजेला विळी-कोयतीच उरली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ साली झाला व १९६२ पासून अमलात आला.

एन्फील्डचे आयुष्य मात्र येथे संपले नाही. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तर व दक्षिण या दोन्ही पक्षांनी मिळून सुमारे नऊ लक्ष एन्फील्ड बंदुका खरेदी केल्या, असा अंदाज आहे. १८६६ पासून इंग्लंडने तिची नळी मागून कापून तीत स्नायडरची पाठीमागून भरण्याची योजना बसविली, आणि ठासणीचे युग मावळले.

परंतु मावळलेल्या वस्तूंचेही उपासक असतात. अमेरिकेत १९५० साली ‘नॉर्थ-साऊथ स्कर्मिश असोसिएशन’ ही संस्था निघाली. तिचे सभासद यादवी युद्धातील उत्तर-दक्षिण पलटणींचे गणवेश लेवून, त्या काळच्या बंदुकांनी किंवा त्यांच्या हुबेहूब प्रतिकृतींनी, व्हर्जिनियातील विंचेस्टरनजीकच्या आपल्या मैदानावर वर्षातून दोनदा राष्ट्रीय सामने भरवितात. संघाने मिळून मातीची भांडी व कौले कमीत कमी वेळात फोडावयाची, असा तो खेळ. इंग्लंडमध्ये १९५२ साली ठासणीच्या बंदूकवाल्यांची संघटना स्थापन झाली. १९७१ पासून जागतिक सामनेही होतात. त्यांतील ‘मिनिए’ नावाच्या सामन्यात लष्करी टोपीच्या रायफलीने, पालथे पडून, शंभर मीटरवरील लक्ष्यावर अर्ध्या तासात तेरा बार काढावयाचे असतात व उत्तम दहा गणले जातात. घाईस तेथे वाव नाही. मागणी वाढली तेव्हा बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल या कारखान्याने मूळच्या सरकारी मापांवरून नव्या एन्फील्ड बंदुका घडविल्या. हे १९७० नंतरच्या दशकातील काम होय.

या छंदात बार उडविण्यास लागतो तो वेळ थोडा. खरा वेळ जातो तो जोपासनेत. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते आणि एका रात्रीत नळीस गंज चढविते. म्हणून नेमबाजी संपताच गरम पाण्याने नळी धुवावयाची, गजाला फडके लावून ते स्वच्छ निघेपर्यंत फिरवावयाचे, कोरडी करून तेलाचा हात द्यावयाचा. लाकडी दस्त्यास जवसाचे तेल चोळावयाचे. दारू सुमारे सत्तर ग्रेन, तीही मोजून. मोठ्या डब्यातून ती थेट नळीत कधीही ओतावयाची नाही. आत एखादी ठिणगी जिवंत असली तर डबाच हातात फुटेल. आधुनिक धूरविरहित दारू तर वर्ज्यच. तिच्या दाबाने जुनी नळी फाटते. हे उपासक आजही गोळीभोवती कागद गुंडाळून सत्तावनच्या तऱ्हेची काडतुसे स्वहस्ते वळतात व मेणाच्या प्रमाणावर वाद घालतात. ज्या वंगणाने एक साम्राज्य हादरले, त्याची गरज काय होती, हे ग्रंथ वाचून जितके कळत नाही, तितके पाच-सात बारांनंतर अडलेली गोळी ठासताना कळते!

या संदर्भात नेपाळची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात राणा राजवटीच्या काळापासूनची शस्त्रे साठविलेली होती. २००३ च्या सुमारास तो पन्नास हजारांवर शस्त्रांचा साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि त्यांतील बंदुका तेथील छंदिष्टांच्या घरी गेल्या. शतकभराचा चिकटा व धूळ खरवडता खरवडता कित्येकांस लोखंडावर देवनागरी अक्षरे व अंक आढळले. ज्या नेपाळात पराभवानंतर नानासाहेबांनी आश्रय शोधला, तेथील देवनागरी अंक अमेरिकेतील एखादा गृहस्थ आपल्या तळघरात भिंग लावून वाचीत बसला आहे! आपल्या घरच्या शस्त्रांवरील अक्षरे आपण किती जणांनी वाचली आहेत?

कोणी म्हणतील, ज्या बंदुकीने आपला पराभव केला, तिचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे व तो मलाही छळतो. माझे उत्तर इतकेच, की हे कौतुक नसून अभ्यास आहे. शत्रूचे शस्त्र हाती घेऊन पाहिल्यावाचून आपल्या पूर्वजांनी कशाला तोंड दिले, याची खरी कल्पना येत नाही. साडेनऊ पौंडांची बंदूक उभी धरून, मिनिटास दोन-तीन बार काढीत, धुराच्या लोटात उभ्या राहणाऱ्या शिपायाविषयी आदर वाटू लागतो, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

लेख संपविण्यापूर्वी ज्ञातिबंधु-भगिनींस काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या कित्येक कुटुंबांच्या गावच्या घरी जुनी शस्त्रे आहेत. ठासणीची बंदूक भरलेलीच आहे, असे समजूनच तिला हात लावावा. गज बाहेरून नळीच्या लांबीशी ताडून पाहावा व मग आत सोडावा. फरक आढळल्यास स्वतः खटपट न करता जाणत्या परवानाधारक कारागिराकडे न्यावी. तिचा परवाना कोणाच्या नावे आहे, ते आजच पाहावे. परवानाधारक वारला असल्यास शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून वारसाने अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच बंदुकांची मर्यादा आहे, हेही ध्यानी ठेवावे. कोणत्याही दुरुस्तीने वापरण्याजोग्या होणार नाहीत अशा जुन्यापुराण्या शस्त्रांस कायद्यात सूट आहे. परंतु आपले शस्त्र त्यात बसते किंवा नाही, हे आपणच ठरवू नये, अधिकाऱ्यांस विचारावे. आणि विटेने घासून चकचकीत तर मुळीच करू नये! त्या घासण्याने सालाचे आकडे, राजमुकुटाची मुद्रा, कारागिराचे नाव, सारे पुसले जाते व इतिहासाचा एक कागद फाटतो. ठेवणे अशक्य असेल तर भंगारात न घालता संग्रहालयाकडे विचारणा करावी.

मामांची ती बंदूक रिकामी करून घेतल्यावर मामेभावाने रीतसर आपल्या नावे करून घेतली. ती आता कुलपात असते, आणि दसऱ्यास पूजेसाठी ओटीवर येते. नातवंडे तिला नमस्कार करतात; नेम मात्र कोणी कोणावर धरीत नाही. शस्त्राचा मान राखावा तो असाच. ज्यांच्या घरी अशा वस्तू असतील, त्यांनी त्यांची माहिती व छायाचित्र पुढील अंकासाठी मंडळाकडे अवश्य पाठवावे, ही विनंती करून वाचकांची रजा घेतो.