किलमार्टिन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आर्गाइल प्रदेशातील खेडे. ओबनच्या दक्षिणेस सु. ४७ किमी. व लॉखगिल्पहेडच्या उत्तरेस सु. १३ किमी. अंतरावर, या दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. गेलिक नावाचा अर्थ ‘मार्टिनचे चर्च’. चर्च, काही दगडी घरे, संग्रहालय आणि खाण्यापिण्याची एक-दोन ठिकाणे एवढ्यात गाव संपते. त्याचे महत्त्व आहे ते पायथ्याच्या सपाट, वाळू-खड्यांच्या खोऱ्यामुळे. माणसाने पाच हजार वर्षांहून अधिक काळ इथे दगड उभे केले, रचले, कोरले आणि आधीच्यांनी कोरलेले पुन्हा वापरले. गावापासून १० किमी.च्या परिघात ३५० प्राचीन स्थळे असल्याची नोंद जुन्या माहितीपुस्तकांत आढळते. अलीकडच्या सूचीत हा आकडा ८०० च्या पुढे गेला आहे.

खोऱ्यात दक्षिणोत्तर सु. २ किमी. लांबीच्या रेषेत पाच दगडराशी आहेत : ग्लीब, नेदर लार्गी उत्तर, मध्य व दक्षिण आणि री क्रुइन. यांतील नेदर लार्गी दक्षिण ही रास नवाश्मयुगीन आणि सर्वांत जुनी. तिच्या पोटातील दगडी दालनात वाकून जाता येते. कॅनन विल्यम ग्रीनवेल यांनी १८६४ साली ती खणली, तेव्हा मृत्पात्रे व जळालेली हाडे मिळाली. बाकीच्या राशी ब्राँझयुगातील असून त्यांत प्रेते दगडी पेट्यांत पुरलेली होती. नेदर लार्गी उत्तर या राशीचे उत्खनन १९३० साली झाले. तिच्यावर आता काँक्रीटचे छत असून झडपेतून आत उतरता येते. आतल्या पेटीच्या झाकणशिलेवर वाटीसारखे खळगे आणि ब्राँझच्या कुऱ्हाडींच्या पात्यांच्या आकृती कोरल्या आहेत. धातू नवा होता तेव्हा त्याची प्रतिमा मृताच्या सोबतीला दिली गेली, यावरून त्याचे मोल कळते. यांपैकी अनेक राशींचे दगड पुढे कुंपणे व रस्ते बांधण्यासाठी नेले गेले. आज दिसणारी उंची मूळची नव्हे.

स्कॉटलंडमधील प्रागैतिहासिक कोरीवकामात प्राण्यांच्या आकृती नाहीत, असे पूर्वी मानले जाई. गावाच्या दक्षिणेस सु. २ किमी.वरील डनक्रेगेग दगडराशीतील झाकणशिलेच्या आतल्या बाजूस सांबरांसारख्या लाल हरणांची चित्रे सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले. ती ४,००० ते ५,००० वर्षांपूर्वीची असून विजेरीच्या उजेडात योगायोगाने नजरेस पडली. नरांची फांद्याफांद्यांची शिंगे स्पष्ट ओळखू येतात.

टेंपल वुड येथे दोन शिलावर्तुळे आहेत. भोवतालची झाडी एकोणिसाव्या शतकात लावलेली आहे. वर्तुळे उभारली तेव्हा ती नव्हती. दक्षिण वर्तुळातील मूळच्या २२ शिलांपैकी १३ शिल्लक असून एकीवर दोन बाजूंना वळण घेणारी नागमोडी चक्राकृती आहे. जवळच्या शेतातील उंच शिलांचा संबंध अभियंते अलेक्झांडर थॉम यांनी चंद्राच्या उदयास्ताशी जोडला. आखनाब्रेक (दक्षिणेस सु. ८ किमी.) येथील उघड्या खडकावरील खळगे व वलये ब्रिटनमधील सर्वांत विस्तीर्ण खडककोरणींपैकी आहेत. ती सकाळी किंवा सायंकाळी, तिरप्या उन्हात पाहावीत. भर दुपारी खडक कोरा वाटतो.

डनॅड, गावाच्या दक्षिणेस सु. ५ किमी. ‘मोइने व्होर’ या विस्तीर्ण दलदलीतून वर आलेली खडकाळ टेकडी. आयर्लंड व स्कॉटलंड या दोन्हींत पसरलेल्या डाल रिआटा या गेलिक राज्याचे हे प्रमुख केंद्र. आयरिश बखरीत ६८३ साली त्याला वेढा पडल्याचा आणि ७३६ साली पिक्ट राजा ओंगस याने ते घेतल्याचा उल्लेख आहे. माथ्याजवळच्या खडकात एक पाऊल, एक खोलगट कुंड, रानडुकराची आकृती व ओघम लिपीतील ओळ कोरलेली आहे. नव्या राजाने या पावलात पाय ठेवून भूमीशी नाते जोडायचे, असे मानतात. आज पर्यटक ज्यात पाय ठेवतात ती प्रतिकृती असून मूळ पाऊल तिच्याखाली सुरक्षित आहे. १९८०–८१ च्या उत्खननात दागिने ओतण्याचे साचे, फ्रान्सकडची मातीची भांडी आणि हरताळाचा तुकडा मिळाला. आपल्याकडे पोथीतील चुका ज्याने झाकत तेच हे पिवळे खनिज. तिकडे ते हस्तलिखिते रंगवण्यासाठी वापरीत, आणि भूमध्य प्रदेशातून इतक्या दूर आणीत.

गावातील चर्चच्या आवारात चिलखतधारी योद्धे, तलवारी व वेलबुट्टी कोरलेल्या मध्ययुगीन थडगेशिला जपल्या आहेत. सध्याची चर्चची इमारत १८३५ ची.

कार्नासरी किल्ला उत्तरेस सु. २ किमी. १५६५ नंतर जॉन कार्सवेल या धर्माधिकाऱ्याने बांधला. त्याने धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या प्रार्थनाविधीचे केलेले भाषांतर १५६७ साली एडिंबरोत छापले गेले. गेलिक भाषेतील हे पहिले छापील पुस्तक होय. आयर्लंडमध्येही त्याआधी गेलिक मुद्रण झालेले नव्हते. १६८५ च्या आर्गाइल बंडात किल्ला सुरुंगाने उडवला गेला. भिंती बऱ्याच उंचीपर्यंत उभ्या असून दारावरील गेलिक आशीर्वचनाची शिला पाहावयास मिळते.

खोऱ्यातील बरीच जमीन पोल्टॅलॉकच्या माल्कम घराण्याकडे होती. जमैकातील गुलामांच्या श्रमांवर चालणारे ऊसमळे हा त्यांच्या संपत्तीचा एक मोठा स्रोत. १८४८ साली त्यांच्या मालकीच्या ॲरिहोनन गावातील कुळांना हुसकण्यात आले. कुळांनी प्रतिकार केला व काहींना शिक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी विल्यम बर्न या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार पोल्टॅलॉक हाउसचे बांधकाम सुरू झाले. १९५७ साली त्याचे छत काढण्यात आले. ॲरिहोननच्या पडक्या भिंती आणि हा बिनछताचा वाडा, दोन्ही पाहिल्याशिवाय खोऱ्याची ओळख अपुरी राहते.

व्यवसाय : मेंढ्या व गुरे पाळणे, वनीकरण, पर्यटन. जवळच १४ किमी. लांबीचा, १५ जलपाशांचा क्रिनन कालवा (१८०१).

संग्रहालय १९९७ साली उघडले. पुनर्बांधणीनंतर सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा खुले. नजीकचे रेल्वे स्थानक ओबन. दगडराशी, टेंपल वुड व डनॅड पाहण्यास शुल्क नाही. संग्रहालयापासून राशींच्या रेषेने दक्षिणेकडे पायी जावे. वाट ओली असते.