टर्बोचा श्वास आणि वाळूची गाळणी

या मालेत आपण एरवी लढाया आणि सेनापतींबद्दल बोलतो. आजचा विषय इंजिनाच्या श्वासाचा आहे, आणि त्याला निमित्त झाला माझा बडोद्याचा पुतण्या. त्याने नुकतीच टर्बो पेट्रोल गाडी घेतली. परवा फोनवर म्हणाला, "काका, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवतोय. गाडी मोकळा श्वास घेईल." मी म्हटलं, "पैसे देण्याआधी माझी गोष्ट ऐक." तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

टर्बोचार्जर ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांची. 1905 साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून धूर जोरात बाहेर पडतो, ती ताकद वाया का घालवायची? त्या धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद.

याची खरी परीक्षा डोंगरावर झाली. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोराडोतल्या पाइक्स पीकवर, 14,000 फुटांवर नेलं. समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन वरच्या विरळ हवेत 230 वर आलं. टर्बो जोडला आणि आकडा 356 वर गेला. ज्यांनी लेहला नोकरी केली आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. तिथे चढावर माणूसही धापा टाकतो आणि साधं इंजिनही.

मोटारीत टर्बो आला 1962 साली. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉरवेअर अशा दोन गाड्या निघाल्या. हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेने इंजिन ठोके मारायला लागतं. जेटफायरमध्ये यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची सोय होती. त्याची वेगळी टाकी भरायला मालक विसरत. शेवटी अनेक गाड्यांचा टर्बोच काढून टाकला गेला. आज तेच काम इंटरकूलर करतो, आणि त्याची टाकी भरावी लागत नाही.

आता गाळणीकडे येऊ. 1942 साली ब्रिटिशांची स्पिटफायर विमानं माल्टा आणि उत्तर आफ्रिकेत पोचली. वाळवंटातली धूळ इंजिन खाऊन टाकते, म्हणून त्यांच्या नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला होता. इंजिन वाचलं, पण त्या फुगीर हनुवटीमुळे विमानाचा वेग घटला, आणि समोर जर्मन मेसरश्मिट होती. मग इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर इथल्या दुरुस्ती केंद्राने लहान, सुटसुटीत फिल्टर तयार केला. त्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे नीट बघा. वेग हवा म्हणून त्यांनी गाळणी काढून टाकली नाही. गाळण्याचं काम तसंच ठेवून वाऱ्याचा अडथळा कमी केला.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जैसलमेरच्या पुढे आमचा सराव चालू होता. मी तरुण कॅप्टन, गाड्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी माझ्याकडे. एका रणगाड्याचा एअर क्लीनर साफ झाला, मी फिल्टर बघितले आणि कागदावर सही केली. दोन दिवसांत इंजिन धूर ओकायला लागलं, ताकद गेली, तेल पिऊ लागलं. उघडून बघितलं तर फिल्टर स्वच्छच होते. त्यांच्या पुढच्या जोडावरचं रबरी सील तिरकं बसलं होतं, आणि तेवढ्या फटीतून वाळू थेट आत जात होती. आमचे अनुभवी हवालदार एवढंच म्हणाले, "साब, छलनी ठीक थी, रास्ता ठीक नहीं था." अख्खं इंजिन बदलावं लागलं. सील बसवणारा जवान कोणीही असो, सही माझी होती. तेव्हापासून मी फिल्टर बघण्याआधी जोडावर बोट फिरवतो.

पुतण्याला मी याच हिशेबाने समजावलं. पहिली गोष्ट, उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा साधारण 3 अंशांनी तापली की एक टक्क्याने विरळ होते. ट्रॅफिकमध्ये 30 अंशांचा फरक पडला, तर दहा टक्के हवा गेली. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा घेतो. दुसरी गोष्ट, आजच्या टर्बोचा दाब संगणक ठरवतो. नुसता फिल्टर बदलून ताकदीत फारसा फरक पडत नाही, आवाज मात्र वाढतो. तिसरी, टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं. त्या वेगाला बारीक धूळही कानशीसारखी घासते. चौथी, तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलाच, तर तेल जास्त होऊ देऊ नये. ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं की मोजमाप चुकतं.

आणि पाचवी खास बडोदेकरांसाठी. थंड हवेच्या मोहात काही जण फिल्टर बंपरमागे अगदी खाली नेतात. विश्वामित्री रस्त्यावर आली की तोच पाइप पाणी ओढतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसतं.

तेव्हा निवड कशी करावी? बंद डबा असावा, बाहेरची हवा घेणारा असावा, तोंड उंचावर असावं, आणि सील घट्ट असावं. त्या डब्यात बसणारा चांगला सपाट फिल्टर घ्या आणि वेळेवर बदला. दाब वाढवून घेणार असाल, तर आधी इंटरकूलरचा विचार करा, मग इनटेकचा. आणि वॉरंटीचा कागद आधी वाचा.

पुतण्या थोडा हिरमुसला. "काका, पण तो आवाज..." मी म्हटलं, "आवाज हवा तर रेडिओ लाव." रविवारी त्याचा पुन्हा फोन आला. डबा ठेवलाय, नवा फिल्टर टाकलाय. मी विचारलं, "आणि जोड?"

"बोट फिरवून बघितलं, काका. एक क्लिप सैल होती. घट्ट केली."

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.