पोसणाऱ्याचे सामर्थ्य

नारळ फोडल्यावर जे पाणी मिळते, त्याला आपण पेय समजतो. वस्तुतः ते नारळाच्या गर्भासाठी झाडाने साठविलेले अन्न होय. गव्हातील चिकट ग्लूटेन आणि मक्यातील झेईन ही प्रथिनेही अशाच साठ्याचा भाग आहेत. वनस्पतिशास्त्र या साठ्याला भ्रूणपोष म्हणते. गर्भाला पोसावे आणि संपून जावे, एवढेच त्याचे कार्य, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती पालटण्यात दिल्लीचा वाटा मोठा आहे.

१९०२ साली हाबरलांड या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने सुट्या वनस्पतिपेशी काचपात्रात वाढविण्याच्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पेशी काही काळ जगल्या, पण एकीचेही विभाजन झाले नाही. पुढे १९४१ साली अमेरिकेत व्हॅन ओव्हरबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याच्या अतिशय लहान गर्भांना नारळाचे पाणी दिले आणि ते गर्भ वाढू लागले. त्या अन्नात पोषणाबरोबर वाढीची प्रेरणाही होती.

हाच प्रश्न दिल्ली विद्यापीठात पंचानन महेश्वरी यांच्या वनस्पतिशास्त्र विभागाने नेटाने हाती घेतला. १९६२ साली कुसुम कांता, रंगस्वामी व महेश्वरी यांनी अफूच्या बीजांडांवर परीक्षानळीतच परागकण घालून फलधारणा घडविली. १९६४ साली शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांना धोत्र्याच्या परागकोशांतून, ध्यानीमनी नसताना, गर्भ उगवलेले दिसले. ते परागकणांपासूनच झाले होते, म्हणजे त्यांत गुणसूत्रांचा एकच संच होता. अशा रोपातील संच दुप्पट केला की शुद्ध वाण एकाच पिढीत हाती येते. एरवी त्यासाठी अनेक पिढ्या लागतात.

१९६५ साली जोहरी व भोजवानी यांनी एक्सोकार्पस या वृक्षाच्या पक्व भ्रूणपोषातून कोंब काढून दाखविले. भ्रूणपोषात गुणसूत्रांचे सामान्यतः तीन संच असतात, दोन मातेचे व एक पित्याचा. दुसऱ्याला पोसून विरून जाणाऱ्या त्या ऊतीच्या अंगी स्वतः रोप होण्याचीही शक्ती होती! पुढच्याच वर्षी, १९६६ साली, पंचानन महेश्वरी निवर्तले.

बियांतील या साठ्याला आता निराळेच काम मिळाले आहे. सोयाबीनमध्ये हे प्रथिन भ्रूणपोषात नसून दलांत असते. त्याच्या सच्छिद्र वड्या आपल्या स्वयंपाकघरांत परिचित आहेत. २०२० साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी तशाच सच्छिद्र सोयाप्रथिनाचा आधार देऊन गाईच्या स्नायूंच्या पेशी वाढविल्या. छिद्रांत पेशींना धरून राहावयास जागा मिळते आणि पोषक द्रवही आतपर्यंत पोहोचतो.

पेशी वाढते ती केवळ स्वतःच्या बळावर नव्हे. तिला अन्न लागते, वाढीची खूण लागते आणि टेकावयास जागाही लागते. या तिन्ही गोष्टी बी मुळापासून जवळ बाळगून असते. दिल्लीतील त्या प्रयोगशाळेने तिच्या या शिदोरीकडे केवळ अन्न म्हणून पाहिले नाही, हे तिचे मोठेपण.